मेल्यावर हसायचं असतं

मी बाळ चोरलंय हे मला कळलं तेव्हा मी जेवत होते. दुपारची सुट्टी होती. दिग्दर्शकाची साहाय्यक केतकी मेकअपरूममध्ये आली, प्रिंटरमधून नुकतीच निघालेली पानं माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "सुवार्ताताई, आज तुमचा मोठा सीन आहे. फुल ड्रामा."

मोठा सीन म्हटल्यावर कुठल्या नटीला बरं वाटणार नाही? 'दारची तुळस' मालिकेत मी कित्येक महिने होते आणि तोवरचा माझा सगळ्यात मोठा सीन केक कापण्याचा होता. उजवा हात वांग्याच्या भाजीत होता, म्हणून डाव्या हातानं पानं उचलली. लिहिलं होतं:

'रोझीआंटी (रडत, गळ्यातला क्रॉस घट्ट धरून): हां, हम केला! हम बेबी बदली केला! मिशनवाला बोलला, एक बेबी आणून दे, गॉड खूश होईल!'

घास तोंडातच राहिला.

मालिका दुपारी दीडची. म्हणजे बायका जेवून, ओटा आवरून, जरा पाठ टेकू म्हणून टीव्हीसमोर येतात त्या वेळची. घोडबंदर रोडला एका बंद कारखान्यात प्लायवूडचं घर उभं केलं होतं आणि त्यात राजवाडे नावाचं मोठं कुटुंब नांदत होतं. राजवाड्यांच्या सुनेचं बाळ जन्मतःच दवाखान्यात कुणीतरी बदललं होतं. कुणी, ह्या एका प्रश्नावर मालिका चालली होती. रोझीआंटी म्हणजे मी, त्यांची शेजारीण. दवाखान्यात नर्स. अंगात फुलाफुलांचा झगा, गळ्यात बाटली उघडायच्या चावीएवढा क्रॉस आणि हातात केक. बाराही महिने केक. बाईला पोळी लाटता येत होती की नाही कोण जाणे. तिला नवरा नव्हता, आई नव्हती, गाव नव्हतं. घरसुद्धा नव्हतं. राजवाड्यांच्या घरात देवघरापासून न्हाणीघरापर्यंत सगळं बांधलं होतं, पण शेजारणीची साधी एक भिंत कुणी उभी केली नाही. मी दारातून यायचे, "माय चाइल्ड" म्हणून सुनेचे डोळे पुसायचे आणि दारातून जायचे. जायचे कुठे, ते कुणी विचारलं नाही.

मी नगरची, सुवार्ता भिंगारदिवे. आमच्या घरात चार पिढ्या येशूचं नाव आहे आणि चारही पिढ्या मराठीतच जगत आल्या. माझे वडील टाळ-मृदंगाच्या साथीनं ख्रिस्ताची कीर्तनं करायचे. आईच्या गळ्यात काळी पोत, अंगावर पाचवारी. नाताळला आमच्याकडे करंज्या आणि चकल्या होतात. केक यायचा तो बेकरीतला, आणि वडील तो चहात बुडवून कसाबसा संपवायचे.

पहिल्या दिवशी मी माझं पहिलं वाक्य वाचून सरळ बोलले होते, "घाबरू नकोस बाळा. देव पाठीशी आहे."

"छान," पराग म्हणाला. पराग देवस्थळी, आमचा दिग्दर्शक. वयानं माझ्याहून लहान, वागायला सभ्य, सगळ्यांना अहोजाहो करणारा. "फक्त जरा ख्रिश्चन करा ना."

"मी ख्रिश्चनच आहे."

"हो, म्हणून तर तुम्हाला घेतलं. पण प्रेक्षकांना कळायला नको?"

मग मी माझं मराठी मोडायला शिकले. नाटकात आयुष्य घालवलेली बाई मी, वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा ऐकू आला पाहिजे असं मास्तरांनी घोटून घेतलं होतं. ती मी 'ळ'चा 'ल' आणि 'मी'चं 'हम' करून बोलायला लागले. पहिला भाग लागला त्या दिवशी नगरहून आईचा फोन आला.

"तू अशी का बोलतेस ग? तोंडावरून वारं गेल्यासारखी?"

"तशी भूमिका आहे."

"कुठल्या गावची आहे ही बाई?"

"कुठलीच नाही," मी म्हटलं.

आता ह्या कुठल्याच गावची नसलेल्या बाईनं बाळ चोरलं होतं, आणि तेही मिशनसाठी. माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. अख्खी हयात तिनं बाळंतपणं केली. ती बाजारात गेली की म्हातारा भाजीवाला नातवाला पुढे करायचा, "ह्या सिस्टरच्या हातचा आहेस तू, पाया पड." दुपारी दीडला आमच्या घरी टीव्हीसमोर तीन-चार शेजारणी बसायच्या, पोरगी टीव्हीत दिसते म्हणून. त्या सगळ्यांची पोरं आईच्या हातची.

मेकअपरूममध्ये माझ्या समोर शैलाताई जेवत होत्या. राजवाड्यांच्या माईआजी. ठसठशीत कुंकू, टपोरी नथ, नऊवारीचा काष्टा असा की पुन्हा हात लावायला नको. बोलणं अस्सल पुणेरी, प्रत्येक अक्षर इस्त्री केलेलं. हळदीकुंकवाला कुठलं बोट लावायचं आणि आरतीचं ताट कुठून कुठे फिरवायचं हे आमच्या तरण्या नट्या त्यांना विचारून शॉट द्यायच्या. चाळीस वर्षं ह्या धंद्यात होत्या आणि कधी वाक्य चुकल्या नव्हत्या. डबा घरून आणायच्या. घरी मात्र त्यांच्या कुणी गेलेलं नव्हतं. मिरजेला भाऊ असतो, एवढंच माहीत होतं.

मी पानं त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी वाचली, परत दिली.

"जेवून घे आधी."

"ताई, हे मी कसं बोलू?"

"जसं बाकीचं बोलतेस तसं. आपण पोपट. पिंजरा त्यांचा, डाळही त्यांचीच."

"माझी आई बघते हो हे."

"आई घरी ठेवून यायची असते इथे. नावसुद्धा घरी ठेवून यायचं असतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी चाळीस वर्षं हेच केलं. काही बिघडलं नाही."

माझं डोकंच फिरलं. "तुमचं काय जातंय, ताई? तुमच्या माईआजीला कुणी चोर नाही केलं. उद्या दीड वाजता तुमच्या घरात कुणी मान खाली घालणार नाही."

शैलाताईंनी डब्याचं झाकण लावलं. दाबून लावलं.

मी तशीच उठून परागकडे गेले. तो सेटवर कॅमेऱ्याची जागा ठरवत होता.

"पराग, मी हे बोलणार नाही."

"भाषा जास्त झाली का? ती कमी करू आपण."

"भाषा नाही. बाळ. रोझी बाळ चोरणार नाही."

त्यानं मला बाजूला सोफ्यावर बसवलं. ह्या माणसाला ओरडता येत नसे, हीच मोठी पंचाईत होती. अंगावर येणाऱ्याशी भांडता येतं, समजूत घालणाऱ्याशी काय करायचं?

"सुवार्ताताई, एक कॅरेक्टर चुकलं म्हणून अख्खा समाज चुकला असं कुणी म्हणतं का? राजवाड्यांचा धाकटा काका दारू पितो. कुणी म्हटलं का, राजवाडे दारुडे?"

"राजवाडे बारा आहेत. एक दारुडा आहे, तर एक देवमाणूस आहे, एक वकील आहे, एक नुसता बावळट आहे. आमची तुम्ही एकच ठेवलीय. तिनं चोरी केली की आम्ही सगळ्यांनी केली."

"पण कुणीतरी तर बदललं असणार ना बाळ?"

"धाकट्या जाऊबाईनं बदललंय. इतके महिने तिला पडद्याआडून डोळे वटारताना कोण दाखवत होतं? माझ्या आईच्या शेजारणींनासुद्धा माहीत आहे."

पराग जरा ओशाळला. "चॅनेलचं म्हणणं पडलं, घरातलं माणूस नको. दुपारच्या बायका दुखावतील."

"आणि आमच्या बायका दुपारी काय करतात?"

"तुमच्या…" तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "त्या पण बघतात?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण संन्याशाला निदान फाशी देताना त्याच्याकडे बघत तरी असतील. आम्ही बघतो हेच ह्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी कारखान्याच्या मागच्या अंगाला, जनरेटरपाशी जाऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल नको करू, किंवा म्हणेल कर. कुणीतरी ठरवून दिलं की बरं असतं.

"तुझं काम आहे, तुझं पोट आहे," आई म्हणाली. "मी काय सांगू?"

"आई, काहीतरी बोल ना."

"मी बाळाच्या पायाला लाल दोरा बांधायचे. तसाच आईच्या मनगटाला. दोरा बांधल्याशिवाय मी नाळेला कात्री लावली नाही, मग बाई कितीही ओरडो." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी एकही बाळ कधी बदललं नाही. एवढंच मला सांगता येतं."

आपल्या लेकीपुढे आपण चोर नाही असं त्या बाईला सांगावं लागलं. कुणी तिला विचारलंही नव्हतं. जनरेटरच्या धडधडीत मी उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

परत येऊन मी परागला सांगितलं की मी हा सीन करत नाही, दुसरी बाई आणा. पण दुसरी बाई आणायला वेळ नव्हता. भाग आधीच करून ठेवतात त्याला आमच्यात बँक म्हणतात, आणि आमची बँक केव्हाच बुडाली होती. आज केलेलं उद्या दीडला लागायचं. पराग फोन घेऊन बाहेर गेला, लेखकाशी बोलला, चॅनेलशी बोलला. मला वाटलं, जिंकले.

थोड्या वेळानं केतकी नवी पानं घेऊन आली. ह्या वेळी ती माझ्या हातात देऊन लगेच वळली.

रोझीआंटी मेली होती. राजवाड्यांच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर, हृदयविकाराच्या झटक्यानं. ती आडवी पडलेली आणि तिच्या उशाशी उभी राहून माईआजी बोलणार होती: 'मरता मरता सगळं कबूल करून गेली. हिनंच बदललं आपलं बाळ. तरी मी सांगत होते, ह्या लोकांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं.'

"तुम्हाला एक शब्दही बोलायचा नाही," पराग म्हणाला. "आता तर काही अडचण नाही ना?"

जिवंतपणी कबूल करायला नको म्हटलं, तर ह्यांनी मला मारून कबूल करायला लावलं. आणि वर विचारतात, अडचण नाही ना.

"मी निघून गेले तर?"

"तर चादर घालू. चादरीखाली कुणीही झोपेल." त्यालाही ते बोलून बरं वाटलं नसावं, कारण लगेच म्हणाला, "प्लीज, ताई. मी काही असा माणूस नाहीये. तुम्हाला माहितेय."

"चादर नको," मी म्हटलं. "मी झोपते. पण माझं तोंड उघडं राहील. जो कुणी बोलेल, तो माझ्या तोंडाकडे बघून बोलेल."

तेवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी झगा सारखा करून सोफ्यावर आडवी झाले. कुणीतरी माझे हात छातीवर जुळवले, क्रॉस नीट मधोमध आणला. शैलाताई चष्मा लावून त्यांची पानं वाचत होत्या.

"पराग," त्या म्हणाल्या. "हे लोक म्हणजे कोण रे?"

"कुठे, ताई?"

"हे काय. 'ह्या लोकांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नसतं.'"

"म्हणजे हेच हो. बाहेरचे." तो मॉनिटरवर डोळे लावून बसला होता, मान वर न करता बोलला. "रोझी काय नि रझिया काय, माईआजीला सगळे सारखेच. जुन्या वळणाची बाई, ती असंच बोलणार ना?"

"असंच बोलणार," शैलाताई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डबीत ठेवला आणि पानं केतकीकडे देऊन टाकली. त्यांना पानं कधी लागत नसत, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

मी डोळे मिटले. पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं आहे.

आधी सुनेचं रडणं झालं. मग बांगड्यांचा आवाज माझ्या उशाशी आला आणि थांबला. मेलेल्या माणसानं श्वास आवरून धरायचा असतो, मी धरला. शैलाताई बोलेनात. सेटवर सगळे वाट बघत होते. मग त्यांचा हात माझ्या कपाळावर आला. पानात हात नव्हता.

"हिनं बाळ बदललेलं नाही," माईआजी म्हणाली.

माझ्या पापण्या हलल्या असतील. कॅमेऱ्यात दिसलं नाही हे नशीब.

"माझा जन्म मिशनच्या दवाखान्यातला. कुणाला सांगितलं नाही मी कधी. माझी आई अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. एका नर्सनं मला बाहेर काढलं. माझ्या पायाला लाल दोरा बांधला आणि आईच्या मनगटाला तसाच. आईनं तो दोरा मरेपर्यंत जपून ठेवला होता. ती नर्स कोण, कुठल्या देवाची, आईनं विचारलं नाही. तिनंही आईला विचारलं नाही. अशा बाईवर आळ घेणाऱ्या घराला उंबरा असून उपयोग काय? बाळ ज्यानं बदललं तो आत्ता ह्या खोलीत उभा आहे, आणि तो आपल्या घरातला आहे."

दोऱ्याचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. जनरेटरपाशी मी एकटी होते. लेखकाच्या पानात तो असणं शक्य नव्हतं.

"कट," पराग म्हणाला. "ताई, हे काय? लाइन ही नाहीये."

"हो का? पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा कपाळावर हात, पुन्हा दवाखाना, पुन्हा दोरा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिसऱ्यांदा केतकी बाजूला उभी राहून मूळ वाक्यं मोठ्यानं वाचत होती, आणि शैलाताई शांतपणे आपलीच बोलत होत्या.

"ताई, तुम्ही मुद्दाम करताय."

"मला एवढंच पाठ आहे, बाळा," त्या म्हणाल्या.

परागचा फोन सारखा वाजत होता. भाग संध्याकाळपर्यंत चॅनेलला पोचायचा होता. दुसरी माईआजी काही झाडाला लागत नाही, आणि तिच्या तोंडी दुसरं वाक्य घालायचं तर आवाजही तिचाच हवा. शेवटी परागनं फोन बंद केला. मग म्हणाला, "ठीक आहे. हाच ठेवू. पॅकअप."

"थांब," शैलाताई म्हणाल्या. "कॅमेरा बंद नाही करायचा. पोरगी मेलीय. तिला हसवायचं राहिलंय."

आमच्या धंद्यात हा रिवाज आहे. ज्यानं मेल्याचा शॉट दिला, त्यानं कॅमेरा बंद व्हायच्या आधी हसायचं. नाहीतर ते मरण त्याच्या मागे घरी जातं, असं मानतात. सेटवरचं वयानं मोठं माणूस त्याला हसवतं. राजवाड्यांच्या घरात तोवर तिघं मेले होते आणि तिघांनाही शैलाताईंनीच हसवलं होतं. एखादा वात्रट विनोद कानात सांगायच्या, मुडदा खो-खो करत उठायचा.

"त्यांच्यात असलं मानत नाहीत ना, ताई?" केतकी म्हणाली. बिचारी वाईट हेतूनं नाही बोलली.

"आमच्यातही मानत नाहीत," शैलाताई म्हणाल्या. "तू कॅमेरा चालू ठेव."

बांगड्या जवळ आल्या. नथीचा मोती माझ्या गालाला टेकला. त्यांच्या चोळीच्या आत माइक होता, तो चालू होता, आणि चाळीस वर्षं काम केलेल्या बाईला तो चालू आहे हे माहीत होतं. ती कुजबुजली. पण आवाज शैलाताईंचा नव्हताच. ते इस्त्रीचं पुणेरी कुठल्या कुठे गेलं होतं.

"माझं नाव शहिदा हाय. शहिदा मुल्लाणी, मिरज. त्यो दोरा माझ्या आईचाच गं. हस की आता, न्हाईतर ही लोकं दोघींच्याबी फोटोला हार मागवतील."

मी डोळे उघडले. माझ्या तोंडाच्या अगदी वर ते ठसठशीत कुंकू, ती नथ, आणि त्यांच्यामागून माझ्याकडे बघणारी एक बाई, जिला मी पहिल्यांदाच पाहत होते. दुपारी मी तिला म्हटलं होतं, तुमचं काय जातंय. मला हसू फुटलं. असं फुटलं की क्रॉस गळ्यावरून घसरून कानामागे गेला आणि मी सोफ्यावरून खाली आले. शहिदाताई माझ्याबरोबर खाली बसल्या आणि त्याही हसत सुटल्या, काष्टा सुटेपर्यंत. बाकी कुणी हसत नव्हतं. आवाजाचं काम बघणाऱ्या विलासनं कानावरचे हेडफोन काढून हातात धरले होते आणि तो शहिदाताईंकडे टक लावून बघत होता.

"मिळाला शॉट?" शहिदाताईंनी परागला विचारलं, पुन्हा त्या इस्त्रीच्या आवाजात. "मग कर आता बंद."

दुसऱ्या दिवशी दीडला भाग लागला. आईनं फोन करून एवढंच विचारलं, "त्या आजींना दोऱ्याचं कुणी सांगितलं ग?" मी म्हटलं, त्यांना आधीपासूनच माहीत होतं. फोनवर मागे शेजारणींचा गलका चालला होता.

इथवर थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मालिकेला बाळचोर हवा होता, आणि माईआजीनं भर दिवाणखान्यात घरातलाच म्हणून सांगितलं तरी चॅनेलला घरातला नकोच होता. पुढच्याच आठवड्यात चोर सापडला. दवाखान्यातला वॉर्डबॉय. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, नाव सलीम. त्याला घर नव्हतं, आई नव्हती, गाव नव्हतं, आणि तो 'अल्ला कसम' म्हटल्याशिवाय एक वाक्य बोलत नव्हता. त्याला धरून आणल्यावर माईआजीनं त्याच्या कानाखाली वाजवायची होती.

शहिदाताई म्हणाल्या, "वाजवते. फक्त भागाच्या शेवटी नावं येतात ना, तिथे माझं नाव बदला. खरं घाला. मग शहिदा मुल्लाणी सलीमला मारेल. बघू दे लोकांना."

परागनं खूप समजूत घातली. त्याला वाईट वाटत होतं, हे मी आजही नाकारत नाही. "ताई, मला काहीच प्रॉब्लेम नाही हो. पण माईआजीवर प्रेक्षकांची श्रद्धा आहे. त्यांना फसवल्यासारखं वाटेल."

चाळीस वर्षं कुणी फसवलं होतं आणि कुणाला, हे विचारायला मी तिथे नव्हते. मी मेलेली होते. हे सगळं मला विलासनं सांगितलं. नाव काही बदललं नाही. माईआजी काशीयात्रेला गेली, आणि मालिका पुढे कित्येक वर्षं चालली तरी ती परत आली नाही. कुणी तिची चौकशीही केली नाही. सलीमच्या कानाखाली शेवटी धाकट्या जाऊबाईनं वाजवली.

त्या नाताळला मी नगरला गेले. करंज्या तळून झाल्या, दिवे लागले, आणि आई रोजच्यासारखी प्रार्थनेला बसली. आमच्याकडे संध्याकाळी घरातलं मोठं माणूस एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागतं. आजारी कोण, परीक्षा कुणाची, पोरगी कुणाची माहेरी आलीय. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे वळली.

"त्या आजी दिसत नाहीत ग हल्ली."

"त्यांना काशीला पाठवलं."

"आणि खऱ्या बाईंना?"

"त्या मिरजेला गेल्या. भावाकडे."

"मी रोज त्यांच्यासाठी मागते, पण आजी म्हणूनच मागते. नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. आईनं ते एकदा हळू, एकदा नीट म्हणून पाहिलं, तोंडात बसेपर्यंत. मग डोळे मिटले. गल्लीतली नावं झाली, नात्यातली झाली, माझं झालं.

"मिरजेच्या शहिदा मुल्लाणीला सांभाळ," आई म्हणाली. "तिच्या आईच्या आत्म्याला शांती दे."

मला वाटलं, संपली प्रार्थना. मी डोळे उघडणार तेवढ्यात ती पुन्हा बोलली. तोच साधा आवाज, जनरेटरच्या धडधडीत ऐकला होता तो.

"आणि प्रभू, त्या सलीमला सांभाळ. त्यानं बाळ बदललेलं नाही. आमेन."